पाण्याची तपासणी: नमुना घेण्यापासून अहवाल वाचण्यापर्यंत

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिकची मर्यादा लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅम आहे. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार (टीडीएस) दाखवणारा साधा मीटर मात्र १ मिलिग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतो. म्हणजे मर्यादेच्या शंभरपट आर्सेनिक पाण्यात असलं तरी मीटरवर २१० चे जेमतेम २११ होतील. जिवाणूंनी तर तेवढाही फरक पडणार नाही. तरीही 'टीडीएस कमी, म्हणजे पाणी चांगलं' हा निकाल असंख्य घरांत अंतिम मानला जातो. मीटरचा यात दोष नाही. जे मोजण्यासाठी तो बनलेलाच नाही, ते आपण त्याच्याकडून ऐकू पाहतो.

पाण्याची तपासणी फसते ती बहुधा प्रयोगशाळेत पोहोचण्याआधीच. काय शोधायचं हे ठरलेलं नसतं, बाटली चुकीची असते, किंवा नमुना दोन दिवस तसाच पडून राहतो. म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा त्याआधीच्या कामावर जास्त भर दिला आहे.

आधी शोधायचं काय ते ठरवा

पाण्यातल्या धोक्यांचा वेग वेगवेगळा असतो. विष्ठेतून आलेले जंतू काही तासांत किंवा काही दिवसांत माणसाला आजारी पाडतात. फ्लोराइड, आर्सेनिक आणि शिसं वर्षानुवर्षं शरीरात काम करत राहतात. लोहाचा तांबूसपणा, जड पाण्याचे पांढरे डाग, खारट चव यांनी त्रास होतो, पण त्यांची मर्यादा मुख्यतः चव आणि वापर पाहून ठरलेली असते. हाती पैसा आणि वेळ मोजकाच असेल तर क्रम असाच ठेवावा: आधी जंतू, मग आरोग्याला घातक रसायनं आणि शेवटी चव व डाग.

स्रोतावरूनही यादी बदलते. उथळ विहिरीजवळ शौचालय, गोठा किंवा खत टाकलेलं शेत असेल तर ई. कोलाय (विष्ठेची खूण देणारा जिवाणू) आणि नायट्रेट तपासायलाच हवं. खोल कूपनलिकेत जंतू कमी सापडतात, पण खडकातून आलेलं फ्लोराइड, आर्सेनिक, लोह, मँगनीज असू शकतं. नळाच्या पाण्यात शिल्लक क्लोरीन, गढूळपणा आणि जुन्या नळजोडांतून उतरणारं शिसं पाहावं. छतावरून साठवलेल्या पावसाच्या पाण्यात पक्ष्यांची विष्ठा आणि पत्र्याचे धातू येतात. हे पाणी सहसा किंचित आम्लधर्मी असल्याने धातू त्यात सहज विरघळतात.

यादी चुकली तर काय होतं, हे बांगलादेशात दिसलं. पृष्ठभागावरच्या दूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून तिथे लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या आणि त्यांचं पाणी सुरक्षित समजलं गेलं. त्या काळी नेहमीच्या तपासणीत आर्सेनिक नव्हतंच. १९९३ मध्ये तिथल्या विहिरींत ते असल्याचं निश्चित झालं, तोवर माणसं वर्षानुवर्षं ते पाणी पीत होती. जे तपासलं नाही, ते अहवालात दिसणार नाही.

मानकांचे आकडे समजून घ्या

जागतिक आरोग्य संघटनेची पेयजल मार्गदर्शक तत्त्वं बहुतेक देश आधार म्हणून घेतात. तो कायदा नव्हे. प्रत्येक देश त्यावरून स्वतःची मानकं ठरवतो. भारतात आयएस १०५०० हे मानक आहे आणि त्याची २०१२ ची आवृत्ती दोन स्तंभांत आकडे देते. पहिला स्तंभ स्वीकारार्ह मर्यादेचा. दुसरा, दुसरा स्रोत उपलब्धच नसेल तर चालवून घ्यायच्या मर्यादेचा. टीडीएससाठी हे आकडे ५०० आणि २००० मिलिग्रॅम प्रति लिटर आहेत, एकूण जडपणासाठी २०० आणि ६००, गढूळपणासाठी १ आणि ५ एनटीयू (गढूळपणाचं एकक), फ्लोराइडसाठी १.० आणि १.५. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे हे सांगणारा आकडा, ६.५ ते ८.५ या पट्ट्यात असावा. अहवालावर 'मर्यादेत' असा शेरा दिसला की तो कोणत्या स्तंभाशी ताडून दिला आहे, हे विचारावं. १९०० टीडीएसचं पाणीही कागदोपत्री 'मर्यादेत' बसू शकतं.

नायट्रेटच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ होतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे, भारतीय मानकाची ४५ आणि अमेरिकेची १०. अमेरिकेचा नियम साडेचारपट कडक दिसतो, पण तसा तो नाही. पहिले दोन आकडे पूर्ण नायट्रेट आयनाचे आहेत, तिसरा फक्त त्यातल्या नायट्रोजनचा. नायट्रोजनच्या रूपातल्या आकड्याला ४.४३ ने गुणलं की नायट्रेटचा आकडा मिळतो, म्हणजे १० चे सुमारे ४४ होतात. अहवालात 'नायट्रेट १२' एवढंच छापलेलं असेल तर ते पाणी अगदी ठीक असेल किंवा बाटलीने दूध पिणाऱ्या बाळासाठी धोक्याचं. कोणत्या रूपात मोजलं हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

ई. कोलायचं मानक मात्र बहुतेक ठिकाणी सारखंच आहे: १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये.

नमुना घेण्याची पद्धत

सगळ्या चाचण्यांना एकच बाटली चालत नाही. किमान तीन लागतात, आणि प्रत्येकीमागे कारण आहे.

जिवाणूंसाठी प्रयोगशाळेकडून निर्जंतुक बाटली घ्यावी. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गरम पाण्याने धुऊन वापरू नयेत. पाण्यात क्लोरीन असेल तर बाटलीत आधीच सोडियम थायोसल्फेट घातलेलं हवं. ते क्लोरीनला निकामी करतं. नाहीतर प्रयोगशाळेकडे जाताना क्लोरीन जंतूंना मारत राहतं आणि नळाला असलेले जंतू अहवालात दिसत नाहीत. ही पूड किंवा थेंब कचरा समजून बाटली विसळून टाकणारे अनेक जण असतात. ही बाटली विसळायची नाही.

साध्या रासायनिक चाचण्यांसाठी एक ते दोन लिटरची स्वच्छ प्लॅस्टिक बाटली पुरते. ती त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून काठोकाठ भरावी. फ्लोराइडसाठी काच टाळावी.

धातूंसाठी वेगळी बाटली असते आणि त्यात नायट्रिक आम्ल घालून पीएच २ च्या खाली आणलेला असतो. याचं कारण कूपनलिकेच्या पाण्यात डोळ्यांना दिसतं. उपसताना ते नितळ असतं आणि काही वेळात तांबूस होतं. हवा लागल्यावर विरघळलेलं लोह गंजाच्या कणांत बदलून तळाशी बसतं आणि जाताना आर्सेनिकलाही सोबत ओढून नेतं. आम्ल न घातलेल्या बाटलीतलं वरचं पाणी तपासलं तर दोन्ही कमी दिसतील. आम्ल प्रयोगशाळेकडूनच घालून घ्यावं, कारण ते घरी हाताळण्याची वस्तू नाही.

नळाचा नमुना असा घ्यावा:

१. टाकीवरून येणारा नळ आणि थेट मुख्य वाहिनीवरचा नळ, यातला कोणता तपासायचा ते ठरवा. शंका टाकीबद्दल असेल तर दोन्हींचे नमुने हवेत.

२. शिसं तपासायचं असेल तर ती बाटली सर्वांत आधी, नळ न सोडता भरा. पाणी किमान सहा तास नळात स्थिर राहिलेलं असावं, म्हणून पहाटेची वेळ योग्य. नळाची जाळी काढू नका, कारण शिशाचे कण तिथेही अडकतात. आधी नळ सोडून दिला तर जे शोधायचं तेच वाहून जातं.

३. जिवाणूंच्या नमुन्यासाठी याच्या उलट करा. जाळी, रबरी नळी आणि इतर जोड काढा, पाणी दोन-तीन मिनिटं वाहू द्या, नळ बंद करा, तोंड पुसून स्पिरिट किंवा ज्योतीने निर्जंतुक करा आणि पुन्हा थोडं पाणी सोडा. प्लॅस्टिकच्या नळाला ज्योत लावू नका.

४. हात धुऊन मगच बाटली उघडा. झाकण हातातच ठेवा, आतल्या बाजूला स्पर्श करू नका. बारीक धारेखाली बाटली भरा आणि वर सुमारे अडीच सेंटिमीटर जागा सोडा. प्रयोगशाळेत नमुना हलवून एकजीव करायला ती लागते.

५. बाटलीवर जागा, तारीख, वेळ आणि पाण्याचं तापमान लिहा. चिठ्ठी झाकणावर नको, बाटलीवर हवी, कारण झाकणं बदलली जातात.

कूपनलिकेत साठून राहिलेलं पाणी भूजलाचं खरं रूप दाखवत नाही. पंप चालू ठेवून तापमान, पीएच आणि विद्युतवाहकता मोजत राहा. लागोपाठ तीन मोजमापं स्थिर आली की नमुना घ्या. उघड्या विहिरीत निर्जंतुक बाटलीला वजन आणि स्वच्छ दोरी बांधून ती पृष्ठभागाखाली सुमारे ३० सेंटिमीटर सोडावी, भिंतींना आणि तळाच्या गाळाला लागू देऊ नये. वाहत्या पाण्यात बाटलीचं तोंड प्रवाहाला सामोरं, म्हणजे पाणी येतं त्या बाजूला ठेवावं.

जिवाणूंचा नमुना बर्फाच्या पिशव्या ठेवलेल्या, बंद आणि अंधाऱ्या डब्यातून न्यावा, पण तो गोठू देऊ नये. सहा ते आठ तासांत चाचणी सुरू झाली तर उत्तम. २४ तासांनंतर त्या निकालावर विसंबू नये. नायट्रेटचा नमुना थंड ठेवून ४८ तासांच्या आत तपासावा. आम्ल घातलेला धातूंचा नमुना महिनोन्महिने टिकतो. प्रयोगशाळा कोणत्या वारी नमुने स्वीकारते, हे आधीच विचारून ठेवावं. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी पोहोचवलेली बाटली वाया जाते.

जागेवरच मोजायच्या गोष्टी

तापमान, पीएच आणि शिल्लक क्लोरीन बाटलीत टिकत नाहीत. ते स्रोतापाशीच मोजावे लागतात. भूजलात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड हवेत निसटला की पीएच वाढतो, त्यामुळे प्रयोगशाळेतला पीएच विहिरीतल्या पीएचपेक्षा वेगळा येतो.

पीएच मीटर वापरण्याआधी ७ आणि ४, किंवा ७ आणि १० पीएचच्या बफर द्रावणांत (ज्यांचा पीएच ठरलेला असतो अशा द्रावणांत) जुळवून घ्यावा. पाण्याचा पीएच ज्या दोन बफरांच्या मध्ये येईल असं वाटतं, ती जोडी निवडावी. काचेचा इलेक्ट्रोड शुद्ध पाण्यात बुडवून ठेवल्यास तो बिघडतो. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचं द्रावण असतं.

टीडीएस मीटर प्रत्यक्षात विद्युतवाहकता मोजतो आणि तिला साधारण ०.५ ते ०.७ मधल्या एका ठरीव गुणकाने गुणतो. दोन मीटर एकाच पेल्यात वेगळे आकडे दाखवतात त्याचं कारण बहुधा हा गुणक असतो. म्हणून नोंदवहीत वाहकताच लिहावी. मीटरचा खरा उपयोग एकाच स्रोतावर लक्ष ठेवण्यात आहे. महिनोन्महिने ६०० असलेली वाहकता अचानक ९०० झाली, तर कुठूनतरी नवं पाणी मिसळतं आहे.

क्लोरीनसाठी डीपीडी पद्धत वापरावी. ऑर्थोटोलिडीनचा पिवळा रंग दाखवणारे जुने संच मुक्त आणि एकूण क्लोरीन नीट वेगळं करत नाहीत, आणि ते रसायन घातकही आहे. डीपीडीची गोळी १० मिलिलिटर पाण्यात विरघळवली की गुलाबी रंग येतो. मुक्त क्लोरीनचं माप एका मिनिटाच्या आत घ्यावं, कारण पुढे संयुक्त क्लोरीनही, म्हणजे अमोनियासारख्या पदार्थांशी जोडलं गेलेलं क्लोरीनही, रंग देऊ लागतं. क्लोरीन फारच जास्त असेल तर रंग क्षणभर चमकून उडून जातो आणि पाण्यात क्लोरीन नाहीच असं वाटतं. टाकीत आधीच क्लोरीनची जास्त पूड पडलेली असताना अशा निकालावरून आणखी घातली जाते. शंका आल्यास नमुना शुद्ध पाण्याने दहापट पातळ करून पुन्हा पाहावं. प्रक्रियेनंतर, पीएच ८ पेक्षा कमी असताना, ३० मिनिटांच्या संपर्कानंतर किमान ०.५ मिलिग्रॅम आणि ग्राहकाच्या नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावं.

गढूळपणा मोजताना काचेच्या कुपीवरचा बोटाचा ठसा किंवा आतला बुडबुडासुद्धा आकडा वाढवतो. पण या मापाकडे दुर्लक्ष करू नये. गढूळ कणांच्या आड जंतू क्लोरीनपासून वाचतात. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. क्लोरीनला हा परजीवी दाद देत नाही. त्या वेळी प्रक्रिया केलेल्या पाण्याचा गढूळपणा वाढलेला होता.

रासायनिक चाचण्या

जडपणा कमी साहित्यात अचूक मोजता येतो. ५० मिलिलिटर नमुन्यात पीएच १० चं बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालतात. पाणी मद्यासारखं लालसर होतं. मग ब्युरेट या मापाच्या नळीतून ०.०१ मोलरचं ईडीटीए (जडपणा आणणाऱ्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन) थेंबथेंब सोडायचं आणि लाल छटा पूर्ण जाऊन निळा रंग आला की थांबायचं. शेवटचे थेंब सावकाश सोडावेत, कारण जांभळ्या टप्प्यावर थांबल्यास उत्तर कमी येतं. या तीव्रतेच्या ईडीटीएचा १ मिलिलिटर म्हणजे १ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. समजा १४.२ मिलिलिटर लागलं, तर १४.२ गुणिले १००० भागिले ५०, म्हणजे २८४ मिलिग्रॅम प्रति लिटर.

क्लोराइडसाठी सिल्व्हर नायट्रेट आणि पोटॅशियम क्रोमेट वापरून विटकरी रंगापर्यंत असंच टायट्रेशन करतात. लोह फेनॅन्थ्रोलिनसोबत नारिंगी-लाल रंग देतं. फ्लोराइड स्पॅडन्स या रंगद्रव्याचा रंग फिका करतं, पण निर्णय मोठा असेल तर आयन इलेक्ट्रोडने मोजून घेतलेलं बरं.

आर्सेनिकच्या क्षेत्रीय संचात जस्त आणि आम्लामुळे आर्सीन वायू तयार होतो आणि मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा ते तपकिरी डाग पडतो. आर्सीन विषारी आहे, त्यामुळे ही चाचणी उघड्यावर करावी. कोणत्या विहिरी आधी प्रयोगशाळेत पाठवायच्या हे ठरवायला संच चांगला. ०.०१ च्या आसपासचा निकाल मात्र प्रयोगशाळेच्या यंत्रावरच ठरवावा. शिशाचंही तसंच. रंग बदलणाऱ्या कागदी पट्ट्यांवर या दोन्हींसाठी भरवसा ठेवू नये.

जिवाणू तपासणी

पाण्यातला प्रत्येक रोगजंतू शोधणं शक्य नसतं. म्हणून माणसांच्या आणि उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात विपुल असणारा ई. कोलाय खूण म्हणून शोधतात. तो सापडला, तर अलीकडेच विष्ठा पाण्यात मिसळली आहे. 'एकूण कोलिफॉर्म' मातीत आणि झाडपाल्यातही असतात. फक्त तेच आढळले तर विहिरीचं झाकण, कठडा, नळजोड तपासावेत, पण त्याचा अर्थ ई. कोलायएवढा गंभीर नसतो.

पटल गाळण पद्धतीत १०० मिलिलिटर पाणी ०.४५ मायक्रॉनच्या छिद्रांच्या पटलातून गाळतात, पटल पोषक माध्यमावर ठेवतात आणि ३५ ते ३७ अंशांवर सुमारे एक दिवस उबवून वसाहती मोजतात. बहुनलिका पद्धतीत वेगवेगळ्या मात्रांच्या नळ्यांत आम्ल आणि वायू तयार होतो का ते पाहून एमपीएन, म्हणजे सर्वाधिक संभाव्य संख्या, काढतात. गढूळ पाण्याने पटल तुंबतं, तिथे ही पद्धत चांगली. तिसऱ्या पद्धतीत असं अन्नद्रव्य घालतात की कोलिफॉर्ममुळे पाणी पिवळं होतं आणि ई. कोलाय असल्यास अतिनील दिव्याखाली निळं चमकतं.

काळी पडणारी हायड्रोजन सल्फाइडची बाटली स्वस्त आणि सोपी आहे, पण ती ई. कोलाय मोजत नाही. भूजलात मुळात सल्फाइड असेल तर जंतू नसतानाही ती काळी पडते. तिचा निकाल इशारा म्हणून घ्यावा.

आता एका 'शून्या'बद्दल. जिवाणू पाण्यात सारखे पसरलेले नसतात. एखाद्या टाकीत १०० मिलिलिटरमागे सरासरी एक ई. कोलाय आहे आणि ते योगायोगाने विखुरलेले आहेत असं धरलं, तर संभाव्यतेच्या गणिताने जवळपास ३७ टक्के बाटल्यांत एकही सापडणार नाही. म्हणून एका स्वच्छ अहवालावर वर्ष काढू नये. पहिल्या जोरदार पावसानंतर, पुरानंतर आणि वाहिनी दुरुस्त झाल्यावर पुन्हा तपासावं. बाटली भरताना आजूबाजूलाही पाहावं: सांडपाणी किती अंतरावर आहे, ओटा तडकला आहे का, टाकीचं झाकण नीट बसतं का. निकाल कागदावर शून्य असला तरी तडकलेला ओटा पुढच्या पावसात पाणी आत घेणारच आहे.

अहवाल हातात आल्यावर

आधी पद्धत, एकक आणि शोधमर्यादा (ज्याच्याखालचं प्रमाण त्या पद्धतीला दिसत नाही तो आकडा) पाहा. 'आर्सेनिक आढळलं नाही' असं लिहिलं असेल आणि शोधमर्यादा ०.०५ असेल, तर ०.०१ च्या मर्यादेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही, ठरावीक चाचण्यांसाठी मिळते. आपली चाचणी त्या यादीत आहे का, हे विचारणं हा आपला हक्क आहे.

मग घरबसल्या एक पडताळणी करा. पाण्यातला धनभार आणि ऋणभार समान असतो. कॅल्शियमचा आकडा २० ने, मॅग्नेशियमचा १२.२ ने, सोडियमचा २३ ने आणि पोटॅशियमचा ३९ ने भागून बेरीज करा. दुसरीकडे बायकार्बोनेट ६१ ने, क्लोराइड ३५.५ ने, सल्फेट ४८ ने आणि नायट्रेट ६२ ने भागा. उदाहरणार्थ, कॅल्शियम ६०, मॅग्नेशियम २४.४, सोडियम ४६ असेल तर बेरीज ७ येते. बायकार्बोनेट २४४, क्लोराइड ७१, सल्फेट ४८ यांचीही ७ येते. अहवाल जुळला. क्लोराइड ७१ ऐवजी चुकून १७ छापलं गेलं, तर दुसरी बाजू सुमारे ५.५ वर घसरते. दोन बेरजांतला फरक त्यांच्या एकूण बेरजेच्या ५ टक्क्यांच्या आत असावा. इथे तो १२ टक्के होतो, म्हणजे प्रयोगशाळेला विचारायची वेळ आली. असंच कॅल्शियमला २.५ ने आणि मॅग्नेशियमला ४.१ ने गुणून केलेली बेरीज अहवालातल्या जडपण्याशी जुळायला हवी. या उदाहरणात ती २५० येते.

ई. कोलाय आढळल्यास दुसऱ्या नमुन्याची वाट न पाहता पाणी खळखळून उकळून प्यायला सुरुवात करावी. नायट्रेट, फ्लोराइड किंवा आर्सेनिक जास्त असेल तर उकळू नये. पाणी आटतं आणि ते पदार्थ आणखी तीव्र होतात. तिथे पिण्यासाठी दुसरा स्रोत किंवा त्या पदार्थासाठी सिद्ध झालेली प्रक्रियाच हवी. नायट्रेट जास्त असलेलं पाणी लहान बाळाच्या दुधासाठी त्याच दिवसापासून थांबवावं.

विहीर क्लोरीनने निर्जंतुक केल्यावर लगेच घेतलेला नमुना जवळजवळ नेहमीच स्वच्छ येतो, कारण क्लोरीन अजून तिथेच असतं. पाणी उपसून डीपीडीत रंग येईनासा होईपर्यंत थांबावं, एक-दोन आठवडे जाऊ द्यावेत आणि मग तपासावं. त्यानंतर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. दुसऱ्या वेळी ई. कोलाय परत दिसला, तर घाण बाहेरून सतत आत येते आहे. आणखी क्लोरीन ओतण्याऐवजी ती वाट शोधून बुजवावी.